सहावा चेहरा

मी गोरी आहे हे मला स्वतःला कधी सांगावं लागलं नाही. लोकच सांगत. कराडच्या शाळेत एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला, पण मुलींनी ठेवलेलं नाव 'गोऱ्या बाई'; भूगोलाचं कौतुक कोणी केलं नाही. माहेरी सात भावंडांत गोरी आणि घारी मी एकटीच. माझं लग्न एका फोटोत ठरलं, दुसरा काढावा लागला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पुढचं नीट कळावं म्हणून सांगते. बरं, थोडी बढाईही आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी आयर्लंडला, नावनला मुलाकडे आलो. मार्चमध्ये विमानं बंद झाली. पुढचा मार्च आला तरी आम्ही तिथेच. व्हिसा सरकार आपोआप वाढवत होतं, आमची गुडघेदुखीही तशीच वाढत होती. केदार, माझा मुलगा, तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्या वर्षी तो घरी फक्त आंघोळीला आणि झोपायला यायचा. हे, म्हणजे माझे यजमान वसंतराव, तिथे एक शब्द शिकले, 'ग्रँड', म्हणजे छान. चहा कसा झालाय? ग्रँड. पाऊस थांबला का? ग्रँड. घरात दुसऱ्या माणसाने बोलायचं कसं?

आणि माझी सून स्मृती. सोलापूरची. केमिस्ट्रीत एम.एस्सी., हुशार, हाताला चव, बोलणं कमी. रंगाने सावळी. सावळी म्हणजे, माझ्या पिढीत लोक दिव्यापुढे बसवून 'नाकीडोळी नीटस आहे हो' म्हणत, त्यातली. २०१२ साली तिचा फोटो आणि पत्रिका आमच्याकडे आली तेव्हा मी तिच्या घरी कळवलं की पत्रिका जमत नाही. पत्रिका मी उघडलीही नव्हती. पण केदार तिला पुण्यात परस्पर भेटून आला आणि म्हणाला, हीच. मग आठवड्याच्या आत पत्रिका जमली. त्या प्रकरणात माझ्याकडून आणखीही एक गोष्ट झाली होती, ती मी कोणालाच सांगितली नव्हती. इथेही लगेच सांगवत नाही. येईल ओघात.

नवऱ्याच्या मागे आलेल्या बायकांना तिथे आपलं काहीतरी उभं करायला फार खटपट करावी लागते. स्मृतीने पासपोर्टचे फोटो, मुलांच्या कम्युनियनचे, म्हणजे चर्चमधल्या मुंजीसारख्या समारंभाचे, फोटो असा छोटा धंदा जमवला होता. लॉकडाऊनमध्ये तो बसला. तेव्हा तिने काय करावं? दीडशे वर्षांपूर्वीचे फोटो काढायला घेतले! कुठल्याशा ऑनलाइन लिलावातून आमच्या देव्हाऱ्याएवढा लाकडी कॅमेरा आणला. मागच्या अंगणातली शेड म्हणजे तिची अंधारखोली झाली. काळ्या पत्र्याच्या पाटीवर कलोडियन नावाचं चिकट औषध ओतायचं, पाटी चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि धावत शेडमध्ये जाऊन धुवायची. पाटी वाळली की सगळं फुकट. समोरच्या माणसाने दहा-बारा सेकंद हलायचं नाही. डोकं हलू नये म्हणून मागे एक लोखंडी स्टँड, त्याचे दोन दांडे कवटीला टेकवून ठेवायचे. त्या काळच्या स्टुडिओत असंच असायचं म्हणे. जुन्या फोटोंमधली माणसं एवढी गंभीर का, हे मला तेव्हा कळलं.

त्या चांदीने स्मृतीची बोटं काळी झाली, धुऊनही जाईनात. 'आधीच सावळी,' मी मनात म्हटलं. मनातलं माझ्या चेहऱ्यावर दिसतं असं हे म्हणतात. मला ते पटत नाही.

२०२१च्या फेब्रुवारीत घरमालकाची चिठ्ठी आली. औषधांचा वास येतो, मार्चअखेर शेड रिकामी करा. त्याच आठवड्यात स्मृतीला एक जाहिरात दिसली. गावातलं एक कलाकेंद्र एका नव्या कलाकाराला मुख्य रस्त्यावरची खोली वर्षभर वापरायला देणार होतं आणि त्याचे फोटो तिच्या काचेत लावणार होतं. तेव्हा कोणालाच घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी विषयच तो दिला होता: तुमच्या पाच किलोमीटरमधले सहा चेहरे. सहाही स्वतः काढलेले, प्रत्येकाच्या सहीचा संमतीचा कागद सोबत, शुक्रवारी सव्वीस मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत. एक कमी असला तरी अर्ज बाद.

एका सकाळी मी चहाचे कप प्रेसमध्ये, म्हणजे तिथे कपाटाला म्हणतात त्यात, ठेवत होते. शेजारच्या खोलीत स्मृती केदारला म्हणाली, "खोली मिळाली तर मिळाली. नाही तर कॅमेरा विकून टाकते. मग एखाद्या दुकानात नोकरी बघेन."

"अगं, पण..."

"नाही रे. शेड गेल्यावर करू कुठे? बेडरूममध्ये?"

आवाजात रडणं नव्हतं, तक्रार नव्हती. मला फार वाईट वाटलं. सुनेसाठी आपल्याला इतकं वाईट वाटू शकतं, याचंही मला जरा नवल वाटलं.

पहिला चेहरा शेजारच्या नोरीनचा. नोरीन सत्तरीची, लाल केसांची, अंगभर तांबूस ठिपके. एकमेकांच्या अंगणात जायचं नाही असा नियम होता, त्यामुळे नोरीन कुंपणाच्या पलीकडे खुर्चीवर आणि कॅमेरा अलीकडे. फोटोच्या आधी तिने एक जुना पत्र्यावरचा फोटो कुंपणावरून दाखवला. तिची पणजी, साधारण १८८० सालची. रेशमी झगा, हातात पुस्तक, केस काळेभोर. नोरीन अभिमानाने म्हणाली, बघा, शिकलेली, श्रीमंत आणि अंगात स्पॅनिश रक्त, म्हणून हे काळे केस. कोणी स्पॅनिश खलाशी किनाऱ्याला लागला होता, असं त्यांच्या घरात चार पिढ्या सांगत आलेत.

स्मृतीने फोटो बराच वेळ न्याहाळला. मग हळूच म्हणाली की झगा बहुतेक स्टुडिओतला असावा, बाह्या बघा, बोटांपर्यंत आल्यात. पुस्तकही स्टुडिओतलंच, वाचता न येणाऱ्यांच्याही हातात देत. मोलकरणी, शेतावरच्या मुली असे फोटो काढून घेत आणि अमेरिकेत गेलेल्या माणसाला पाठवत, त्याने बोलवावं म्हणून.

"म्हणजे दाखवायचा फोटो!" मी म्हटलं. एकशेचाळीस वर्षांपूर्वीची ती आयरिश मुलगी मला एकदम जवळची वाटली.

"आणि केस?" नोरीनने विचारलं.

"केस तुमच्यासारखेच लाल असणार. या औषधाला लाल रंग दिसत नाही, लाल ते काळं येतं."

नोरीनचा खलाशी बुडाला. तिने पणजीकडे परत एकदा बघितलं आणि खो खो हसली. तिचा स्वतःचा फोटो आला तेव्हा तर तिच्या चेहऱ्यावरचा एकेक ठिपका तिळाएवढा काळा उमटला होता आणि निळे डोळे जवळजवळ पांढरे. तिने तो बघितला आणि म्हणाली, "ग्रँड." कागदावर सही करून मोकळी. मला कौतुकच वाटलं. ज्यांना गमावण्यासारखं काही नसतं त्यांना सोपं असतं, असंही वाटलं.

दुसरा पोस्टमन, फाटकापाशी उभा. तिसरा केदार. तो रात्रपाळी करून आला, नाकावर मास्कचा वळ, खुर्चीत बसला आणि पाच मोजेपर्यंत बसल्या बसल्या झोपला. झोपलेला माणूस हलत नाही, फोटो अप्रतिम आला. मिटलेल्या डोळ्यांचा माझा मुलगा बघून मी आत जाऊन रडले. चौथी स्मृती स्वतः. कॅमेऱ्याच्या काचेवरचं झाकण यांनी काढलं आणि मोठ्याने मोजलं. पाचवे हे. यांच्या तीन पाट्या वाया गेल्या. पहिल्या वेळी हसले, दुसऱ्या वेळी शिंकले, तिसऱ्या वेळी 'ग्रँड' म्हणाले. चौथी जमली.

औषधाची नवी बाटली इंग्लंडहून यायची होती, ती ब्रेक्झिटच्या कागदपत्रांत कुठेतरी अडकली. यांच्या कृपेने उरलं होतं दोन पाट्यांपुरतं. आणि सहावा चेहरा माझा.

आता माझी तयारी सांगते. लाल ते काळं येतं, हे मी कान देऊन ऐकलं होतं. म्हणून लाल काठाची साडी बाजूला ठेवली, कुंकू बारीक केलं. गर्द निळी रेशमी साडी काढली. आणि चेहरा उजळ यावा म्हणून तीन दिवस, कोणाच्या नकळत, बाथरूमचं दार लावून डाळीचं पीठ, साय आणि भरपूर हळद लावली. आमच्याकडे नवरीला लावतात, तशी. आपल्या रंगाला कसली गरज, पण असू द्यावी. हळद काही लाल नसते, पिवळी असते. पिवळ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

बुधवारी दुपारी बसले. स्मृतीने माझ्या मानेमागे स्टँड लावला, पदर सारखा केला, क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न बोलता कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात शिरली. बारा सेकंद मी पुतळ्यासारखी बसले. एकतीस वर्षं मुलींना 'हाताची घडी, तोंडावर बोट' शिकवलंय, ते उगाच नाही.

तिने पाटी धुवायच्या पाण्यात घालून बाहेर आणली तेव्हा आम्ही दोघं वाकून बघायला लागलो. आधी सगळं निळसर दुधाळ होतं. मग ते हळूहळू निवळत गेलं आणि तळातून एक बाई वर आली. काळी. नुसती सावळी नव्हे, तव्यासारखी काळी. त्यात माझे घारे डोळे पांढुरके. निळी साडी पांढरीफटक. पदर उजव्या खांद्यावर, कारण या पाटीत आरशासारखं उलटं दिसतं. नवरा शेजारी धडधाकट उभा आणि फोटोत मी पांढऱ्या साडीत!

"ही मी नाही," मी म्हटलं.

हे चष्मा लावून बघत होते. "तूच आहेस. नाक तुझंच आहे."

"तुम्ही गप्प बसा."

"आई," स्मृती म्हणाली, "हा मी आजवर काढलेला सगळ्यांत चांगला फोटो आहे. एकेक सुरकुती बघा, कानातल्या कुड्या बघा. डोळे तर..."

"हा कुठेही जाणार नाही. मी सही करणार नाही. तुझ्या त्या खोलीच्या काचेत मी अशी लटकणार? गावभर लोक बघणार?"

"रंग औषधामुळे आलाय. पिवळंही काळं येतं त्यात."

म्हणजे हळद! तीन दिवस दार लावून मी माझ्याच तोंडाला काळं फासत होते. हे इतक्या जोरात हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मी त्यांच्याशी दुसऱ्या दिवसापर्यंत बोलले नाही. त्यांना फरक पडला असेल असं वाटत नाही.

स्मृतीने हट्ट केला नाही. "तुमची सही नसेल तर नाही पाठवणार," एवढंच म्हणाली आणि पाटी पुसून कापडात गुंडाळून ठेवली. "एका पाटीचं औषध आहे. शुक्रवारी सकाळी परत बसाल?"

गुरुवारी मी साबण लावून लावून तोंड सोलून काढलं. शुक्रवारी फिकट राखाडी साडी नेसून बसले. चेहऱ्याला काही नाही, पावडरसुद्धा नाही. आकाश पांढरं, वारा पडलेला. हे आत चहा करत होते. स्मृती आणि मी, दोघीच.

तिने मानेमागचा स्टँड घट्ट केला. तिची काळी पडलेली बोटं माझ्या कानामागे लागली, थंडगार. पाटी कॅमेऱ्यात घालून ती शेजारी उभी राहिली, काचेवरचं झाकण काढलं आणि मोजायला लागली.

"एक. दोन. तीन."

ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. घरात आपण एकमेकींकडे असं कुठे बघतो? बोलताना भाजीकडे बघतो, फोनकडे बघतो. नऊ वर्षांत ती माझ्याकडे अशी बघतेय आणि मला मान वळवता येत नाही, असं पहिल्यांदाच होत होतं. खोली, कॅमेरा, सगळं या एका पाटीवर आहे हे मला पक्कं माहीत होतं. तोंड उघडायचं नाही हेही माहीत होतं.

"चार. पाच."

"स्मृती," मी म्हटलं, "तुमच्या लग्नाचा अल्बम. त्यात तुझा चेहरा उजळ करायला मी सांगितलं होतं. अल्बमवाल्याकडे मी स्वतः गेले होते. सगळ्या फोटोंत कर, म्हटलं होतं."

तिचं मोजणं थांबलं नाही. "सहा. सात. आठ." नवाला आवाज जरा बसला. "दहा. अकरा. बारा." तिने झाकण लावलं, पाटी काढली आणि शेडमध्ये गेली. पाटी वाळून चालत नाही ना.

मी तशीच बसून राहिले, डोकं स्टँडला टेकवून. हललं तरी चालेल असं कोणी सांगितलं नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा पाण्यातल्या पाटीत माझी साडी होती, बांगड्या होत्या, कुड्या होत्या, रंगही बरा होता. तोंडाच्या जागी मात्र नुसता धुरकट फराटा. नाकाखालून हनुवटीपर्यंत काही नाही.

"फुकट गेली," मी म्हटलं.

"हो." ती पायरीवर बसली. "मला वाटायचं, फोटोवाल्याने आपणहून केलं. करतात ना ते सगळ्यांचं. पत्रिकेचं मला माहीत होतं, आई. आठवड्यात जमली तेव्हाच कळलं होतं. आम्ही घरी हसलोही होतो त्यावर. पण अल्बम तुम्ही..."

मग जे बोलली ते मी कधी विसरणार नाही.

"लग्नानंतर महिन्याने माझी आई आली होती, तिला अल्बम दाखवला. मी तिच्यासारखी दिसते, लहानपणापासून सगळे म्हणतात. ती पानं उलटत गेली, उलटत गेली. शेवटी म्हणाली, 'तुला माझ्यासारखं दिसायचं नव्हतं, तर मला सांगायचंस. मी स्टेजवर तुझ्या शेजारी उभी राहिले नसते.' मी म्हटलं, आई, मी नाही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पण तिला पटलं नाही. अजून पटलेलं नाही."

चित्राताई, तिची आई, सोलापूरला बालवाडी चालवायच्या. मुलीच्या लग्नात त्या सगळ्यांच्या मागे मागे उभ्या राहत होत्या, ते मला आठवलं. तेव्हा मला वाटलं होतं, बाई भिडस्त आहे.

मला शरम वाटली. दुसरा शब्द नाही. माफी मागायला तोंड उघडलं. पण विचारलं भलतंच. "बुधवारी माझ्या तोंडाला हळद होती. तुला दिसली नाही?"

"दिसली."

"मग बोलली का नाहीस?"

तिने पाटीकडे बघितलं. "म्हटलं, येऊ दे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढी गरीब गाय वाटणारी ही पोरगी! आणि मग मला हसू आलं, तिलाही आलं, पण तिचं हसणं अर्ध्यावर बिनसलं आणि ती रडायला लागली. मी जाऊन पायरीवर तिच्या शेजारी बसले. गुडघा कुरकुरला. हे चहाचा ट्रे घेऊन दारात आले, आमच्याकडे बघितलं आणि तसेच परत फिरले. हा माणूस कधी कधी शहाणा असतो.

दोन वाजता मी संमतीचा कागद मागितला.

"आई, जबरदस्ती नाही."

"दे म्हणते ना. आणि ती बुधवारची पाटी काढ."

नावाखाली मोकळी जागा होती. 'प्रत्यक्षात रंग गोरा आहे' अशी एक तळटीप टाकावीशी फार वाटली. टाकली नाही. किती जड गेलं ते मात्र इथे लिहून ठेवते. सही करून कागद दिला. चार वाजता हे आणि स्मृती मफलर गुंडाळून चालत गेले आणि सहा पाट्यांची पेटी कलाकेंद्राच्या दारात देऊन आले.

खोली मिळाली की नाही, हे आताच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. मिळाली. जूनपासून. तेव्हा आम्ही तिथेच होतो. काचेत सहा चेहरे लागले. मधे मी, काळी, पांढऱ्या साडीत. नोरीन रोज दूध आणायला जाताना मला बघून यायची आणि कुंपणावरून सांगायची. एका अनोळखी बाईने आत येऊन विचारलं म्हणे, ही आफ्रिकेतली राणी आहे का? हे ऐकून मी दोन दिवस नीट जेवले नाही, आणि तिसऱ्या दिवशी नवी साडी नेसून स्वतः बघायला गेले.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, शनिवारचं. शनिवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे सोलापूरला दुपारी अडीचला, मी चित्राताईंना व्हिडिओ लावला. मी आपणहून त्यांना फोन केल्याचं मला आठवत नाही. त्यांनाही आठवत नसावं, कारण त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "कोणाला काही झालं का हो?"

"नाही, सगळे बरे आहेत. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे परत वाढतंय म्हणतात. आम्ही आपलं दार लावून बसतो. ऊन पण भारी पडलंय."

"चित्राताई, मला एक सांगायचंय. मधे बोलू नका, नाहीतर माझ्याच्याने व्हायचं नाही."

मी सगळं सांगितलं. अल्बमवाल्याचं दुकान, मी काय म्हटलं, त्याने काय म्हटलं. स्मृतीला यातलं काही माहीत नव्हतं, हे दोनदा सांगितलं. माझी बुधवारची पाटी मोबाइलवर घेतली होती तीही दाखवली. का दाखवली कोण जाणे. मला वाटलं, त्यांना बघायचा हक्क आहे.

त्यांनी चष्मा काढला. पदराने काचा पुसल्या, परत लावला. माझ्या फोटोकडे बघितलंही नाही.

"नऊ वर्षं, सुमित्राताई," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं मी त्या लेकराला फोनवर जेवलीस का, एवढंच विचारते. पुढं काही बोलायला जीभ वळत नाही माझी. आणि ती म्हणत होती हो, मी नाही सांगितलं म्हणून. मी आई असून..."

"चूक माझी आहे."

"तुमची आहेच," त्या म्हणाल्या. सरळ, न ओरडता. मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. "तुमचं मी मागनं बघते. ती आहे का तिथं?"

स्मृती दारातच उभी होती. कधी आली कळलं नाही.

"आहे."

"द्या तिला."

मी फोन दिला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. आतून आधी काही ऐकू येत नव्हतं, मग दोघी एकदमच बोलायला लागल्या. यांनी विचारलं, काय चाललंय, मी म्हटलं, आत जाऊ नका. तेवढ्यात मला आठवलं की फोन माझा आहे आणि बॅटरी निम्म्याहून कमी होती. मी चार्जर शोधला, दार हळूच उघडलं, कोणाकडेही न बघता तो भिंतीत लावला, दुसरं टोक स्मृतीच्या हातात दिलं आणि बाहेर आले.